वेळ न दिलेला रविवार

गुलेले, आदिस अबाबा
तेर महिना, बुधवार (पूर्ण तारीख मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल)

चि. सुराफेल यास एमेबेत आत्याचे आशीर्वाद.

पत्र लिहायला कशामुळे बसले ते आधी सांगते. आपल्या गल्लीच्या मदत मंडळासाठी, इदिरसाठी, तू लिहिलेल्या प्रोग्रॅमनं तुझ्या बहिणीचं, हिलिनाचं, ठरत आलेलं लग्न मोडत आणलं आहे, आणि तिच्या मते दोष तुझा नसून माझा आहे. मला ते मान्य नाही.

आता रीतीप्रमाणे. कसा आहेस? तब्येत बरी आहे ना? झोप लागते ना? आक्राची दमट हवा मानवली का? खोकला गेला का? काम ठीक, शेजार ठीक, घरमालकीण ठीक? आम्ही देवाच्या कृपेनं बऱ्या आहोत. माझा गुडघा बरा आहे, मांजर बरं आहे, हिलिनाही बरी आहे (जेवते, कामावर जाते, माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलते). देवाचे आभार.

प्रोग्रॅमबद्दल तक्रार करण्याआधी त्याची बाजू मांडते. सांख्यिकी खात्यात जन्म काढल्यावर एकाच बाजूचे आकडे लिहिणं मला जमत नाही. दोन महिन्यांपूर्वी, हिदार महिन्यात, तू तो पाठवलास तेव्हा इदिरच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं. लग्नाचे बाक, मयताचा तंबू आणि मोठी पातेली गल्लीत कुणाला कधी लागणार, हे पूर्वी फक्त आतो तेसेमांच्या डोक्यात असायचं, आणि ते अध्यक्ष असले तरी त्यांच्या डोक्यात सगळं मावत नाही. (एकदा एकाच दिवशी तंबू साखरपुड्यालाही दिला गेला आणि मयतालाही. मयताचा मान मोठा, म्हणून साखरपुडा उन्हात झाला.) आता मी चिटणीस म्हणून आपल्या पंचांगाची तारीख टाकते, प्रोग्रॅम तिची परदेशी तारीख करून ठेवतो, आणि ज्यांना बोलवायचं त्यांच्या फोनवर निरोप जातो. तेरा महिन्यांचं आपलं वर्ष बारा महिन्यांत बसवणं सोपं नाही. ते तू बरोबर बसवलंस, मी स्वतः कागदावर ताडून पाहिलं. शाबास. स्तुती इथे संपली.

वेळेचा रकाना सक्तीचा करू नकोस, असं मीच तुला सांगितलं होतं, कारण आपल्याकडे दिवस आधी ठरतो आणि वेळ मागाहून तोंडी कळवतात. कुणी वेळ टाकलीच तर ती आपल्या घड्याळाप्रमाणे जशीच्या तशी दाखव, हेही मीच सांगितलं. तू परदेशी घड्याळात राहून बिघडला असशील म्हणून आठवण करून देते: आपल्याकडे तास उजाडल्यापासून मोजतात. जगाचे सकाळचे सात तो आपला एक, जगाचे नऊ ते आपले तीन. काळोखात उठून मोजायला सुरुवात करायची आणि त्यालाच नवा दिवस म्हणायचं, ही खोड आपल्याला नाही. दिवस दिसला की मोजावा.

तर हिदारपासून इदिरचं प्रत्येक काम तीन वाजता होऊ लागलं. गटार साफ करायचं, तीन. तंबूला ठिगळं लावायची, तीन. समोरच्या वैझेरो लोमीच्या नवऱ्याचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण दुपारी होतं, पण धर्मगुरू सकाळी तीनला हजर. भाजलेलं जव चघळत ते प्रार्थना म्हणत राहिले, आणि जेवण येईपर्यंत त्या आत्म्याला आयुष्यभरात लाभली नसेल इतकी प्रार्थना लाभली. (लोमी अजून त्याबद्दल माझे आभार मानते.) मी यातल्या एकाही कामाला वेळ टाकली नव्हती. मला वाटलं आतो तेसेमा ठरवतात. या माणसाला म्हातारपणी शिस्त लागली, तर आपण त्यात कशाला बोलावं, म्हणून गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. गल्लीतले जे लोक स्वतःच्या लग्नाला उशिरा गेले होते, ते हातात फावडं घेऊन तीनला गटाराशी उभे असायचे.

आता हिलिना. तिनं निवडलेल्या नाहोमबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे: मुलगा चांगला, कामाचा, आईला मान देणारा, फक्त हसतो फार. हे मी हिलिनापुढे एकदा (तिच्या हिशेबानं रोज) बोलले होते. तरी त्याच्याकडचे वडीलधारे मागणी घालायला येऊ देत, असं मीच कळवलं. तुमचे आईवडील गेल्यापासून या कामासाठी माझंच दार आहे. दिवस ठरला गेल्या रविवारचा. इदिरचे बाक लागणार होते म्हणून मी तो प्रोग्रॅममध्ये टाकला. वेळ टाकली नाही. माझ्या मनात दुपारचे आठ होते, जगाचे दोन: जेवणं झालेली असतात आणि म्हातारी माणसं त्या वेळी कमी भांडतात. शनिवारी कॅप्टन वोर्कूंना फोन केला. ते नाहोमकडच्या तिघा वडीलधाऱ्यांचे म्होरके आणि आपल्या इदिरचे सभासद. सैन्यातून निवृत्त झाले आहेत, पण हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नसावं असं चालतात. मी वेळेचं नाव काढते न काढते तोच 'कळली आहे' म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, हिलिनाकडून नाहोमला आणि नाहोमकडून त्यांना गेली असेल. (गेली नव्हती. त्या दोघांना बोलायला दुसरे विषय होते.)

रविवारी आम्ही दोघी घराला कुलूप लावून चर्चला गेलो. प्रार्थना वेळेवर संपली, प्रवचन संपेना. इकडे सकाळी तीनच्या ठोक्याला तीन म्हातारे, पांढऱ्या शाली पांघरून, हातात काठ्या घेऊन, आपल्या फाटकासमोर. बाहेरून कुलूप दिसलं की घरात कुणी नाही एवढा साधा अर्थ कुणीही काढतं, आणि ते तिथेच वाट पाहत उभे राहिलेही असते. पण वैझेरो लोमी बाहेर आली. पुढचं मला तिनंच सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. कॅप्टननी तिला विचारलं, बाई विसरल्या तर नसतील? त्यावर ही म्हणाली, "एमेबेत आणि विसरेल? तिनं वेळ दिली आणि पाळली नाही असं या गल्लीत कधी झालं नाही. घरात नसेल, तर मुद्दामच नसेल."

माझ्या वक्तशीरपणाची आजवर कुणी इतकी तारीफ केली नव्हती. कॅप्टननी कुलपाकडे पाहिलं, काठी काखेत घेतली आणि म्हणाले, "मग उत्तर मिळालं. कुलूप हेही उत्तरच." तिघं आल्या पावली परत गेले. पहिल्या खेपेला नकार द्यायचा ही आपली रीत आहे, पण तो आत बसवून, कॉफी पाजून, गोड बोलून द्यायचा असतो. रस्त्यावर उभं करून दिलेला नकार म्हणजे अपमान, आणि एकदा अपमान झाला की कुठलाच वडीलधारा त्या दारात पुन्हा पाऊल टाकत नाही.

आम्ही चर्चमधून येईपर्यंत गल्लीला सगळं कळलं होतं. हिलिनाच्या फोनवर नाहोमचा निरोप होता आणि त्यात पहिल्यांदाच हसणं नव्हतं. तिनं तो वाचला, आरडाओरडा केला नाही, रडली नाही. मला म्हणाली, "आत्या, तो नको होता तर तोंडानं सांगायचं. कुलपानं कशाला सांगितलंस?" मग आत जाऊन दार लावून घेतलं. सुराफेल, मी दोन सरकारं पडताना खात्यात खुर्चीवर बसून होते आणि माझी एकही बेरीज चुकली नव्हती. त्या रविवारी मला कॉफीत साखर घातली की नाही ते आठवेना.

म्हणून सरळ आतो तेसेमांकडे गेले आणि विचारलं, ही तीनची वेळ तुम्ही का ठेवता? ते म्हणाले, "मी? बाई, आम्हाला तर तो तुमचा हुकूम वाटला." कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला तसंच वाटलं होतं. पाठदुखीचे लोकही कुरकुर न करता गटाराशी आले, कारण एमेबेतला कोण विचारणार? हिदारपासून आख्खी गल्ली माझ्या धाकानं तीनला उठत होती, आणि मी आतो तेसेमांच्या शिस्तीचं मनात कौतुक करत होते.

मग घरी येऊन संगणक उघडला. कॉलेजात आम्हाला कार्डांना भोकं पाडून यंत्राशी बोलायला शिकवलं होतं, त्यामुळे तुझी फाईल वाचायला मला कुणाची गरज नव्हती. हिलिनाला म्हटलं, साक्षीदार म्हणून बस. ती हाताची घडी घालून बसली. तोच रविवार मी दिला, तू ठेवतोस तसाच: वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडव्या रेघा. पडद्यावर आलं, रविवार, ३:००. रेघा तिरप्या केल्या. रविवार, वेळ गायब. तीच तारीख, तेच आकडे. रेघा पुन्हा आडव्या केल्या आणि पुढे मध्यरात्रीचे शून्य तास मीच लिहून दिले, तर वेळ पुन्हा गायब. इथे हिलिनानं घडी सोडली आणि खुर्ची पुढे ओढली.

कारण असं (ठाऊक असेल तर लाज वाटू दे, नसेल तर नीट वाच). वर्ष आधी आणि आडव्या रेघा अशी नुसती तारीख दिसली, की तुझ्या प्रोग्रॅमचं जावास्क्रिप्ट तिला ग्रीनिचची मध्यरात्र समजतं. त्याच तारखेपुढे वेळ लिहिली, पण कुठली ते लिहिलं नाही, तर मात्र ते तिला स्थानिक वेळ समजतं. असं का, ते ती भाषा करणाऱ्यांनाच माहीत. ग्रीनिचला मध्यरात्र होते तेव्हा आदिसचं घड्याळ तीन तास पुढे गेलेलं असतं. त्यात तू नियम करून ठेवलास की मध्यरात्र आली तर वेळ दिलेली नाही असं धरावं आणि ती दाखवू नये. आक्राचं घड्याळ ग्रीनिचचंच. तुझ्याकडे मध्यरात्र मध्यरात्रच राहिली, झाकली गेली, आणि तू समाधानानं जेवायला गेलास. आमच्याकडे तीच मध्यरात्र तीन वाजून उघडी पडली.

घात पुढे झाला. इतर ठिकाणी गटार साफ करायचा निरोप तीन वाजताचा आला असता, तर पहिल्याच दिवशी लोकांनी विचारलं असतं, पहाटे तीनला गटार साफ करायचं की त्यात लपायचं? चूक तिथल्या तिथे सापडली असती. आपल्याकडे तीन म्हणजे कॉफी झालेली, ऊन पाठीवर आलेलं, सभ्य माणसानं सभ्य माणसाकडे जायची वेळ. तुझी चूक इतके स्वच्छ कपडे घालून दारात आली की सगळ्यांनी तिला बसायला बाक दिला.

मी तिथेच थांबले नाही. तिरप्या रेघांनी सात फेब्रुवारी दिली, दिवस आधी, महिना नंतर. त्यानं जुलैची दोन तारीख घेतली आणि चकार शब्द काढला नाही. फेब्रुवारीची तीस तारीख दिली, तर माझ्या संगणकानं ती मुकाट्यानं मार्चात ढकलली आणि हिलिनाच्या फोननं तीच अवैध ठरवली. एकाच अर्जाला दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळतात असं खातं मी पाहिलं आहे, पण तिथे निदान कारकून दोन होते. मुद्दा साधा आहे. वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे तुझ्या हातात होते. तू मध्ये रेघा घालून त्यांची माळ ओवलीस आणि ती परक्याला सोडवायला दिलीस. आकडे हातात असतील तर आकडेच दे (महिने शून्यापासून मोजण्याची जावास्क्रिप्टची खोड लक्षात ठेवून). माळच हाती आली तर स्वतः सोडव, आकडा आकड्याच्या जागी आहे का बघ, आणि परत ओवून तीच तारीख होते का ते तपास. नसेल होत, तर मुकाट्यानं ढकलू नकोस, तोंडावर नाही म्हण. आणि ज्याला वेळ दिलेली नाही त्याला वेळ चिकटवू नकोस. दिवस हा दिवस असतो, त्यातला एखादा क्षण नसतो.

हिलिनाचा संशय निम्मा फिटला. निम्मा अशासाठी की, रेघेचं खरं मानलं तरी हसण्याबद्दल मी बोलले होते हेही खरं. पण तिचा संशय फिटून लग्न थोडंच ठरतं? काल आतो तेसेमांना घेऊन कॅप्टन वोर्कूंकडे गेले. त्यांनी आम्हाला फाटकाबाहेर बराच वेळ उभं ठेवलं. कुलपाची परतफेड, मी समजले. आत गेल्यावर आडवी रेघ, तिरपी रेघ, ग्रीनिच, सगळं फोनवर करून दाखवलं. आतो तेसेमांनी अर्ध्यातच डोळे मिटले. कॅप्टन मात्र ताठ झाले. त्यांची नोकरी बिनतारी संदेशात गेली, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, "वेळेला शेपूट लावावी लागते, बाई. कुठली वेळ ते शेपटीवरून कळतं. बिनशेपटीच्या वेळेपायी आमच्या तुकडीचं जेवण दुसऱ्याच डोंगरावर गेलं होतं." त्यानंतर त्यांनी कॉफी मागवली आणि तुझ्याबद्दल बरे शब्दही काढले ("पोरगा हुशार दिसतो, सैन्यात असता तर सुधारला असता"). पण पुढे म्हणाले की त्यांचं त्यांना पटलं तरी बरोबरचे दोघे अडून बसले आहेत. त्यांना आडवी आणि तिरपी रेघ कोण समजावणार? ते पुन्हा विचारून बघतील. आलेच तर वेळ तोंडी ठरेल, आणि मी स्वतः फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहून त्यांची वाट पाहीन. मी हो म्हटलं. गुडघ्यालाही विचारलं नाही.

तेव्हा येत्या रविवारी ते येतील किंवा येणार नाहीत. आले नाहीत, तर उपवास लागतील, ईस्टरपर्यंत लग्नाचं बोलणं निघणार नाही, आणि तोवर या गोष्टीला गल्लीत आणखी किती फाटे फुटतील ते देव जाणे. तू मात्र हे पत्र मिळताच प्रोग्रॅम बंद करून टाक. आम्ही पुन्हा आतो तेसेमांच्या डोक्यावर चालवू. पत्र त्यांच्या जावयाच्या हाती देईन, तो मंगळवारी विमानानं आक्राला निघतो आहे. तोंड पुसून जेव, उन्हात डोक्यावर काहीतरी घे.

तुझी आत्या,
एमेबेत

ता. क. (सोमवार) आले. दुपारी आठला, तिघंही. मी फाटकाबाहेर उभी होते, आणि लोमी तिच्या फाटकातून मला उभी पाहत होती (तिचा तो रविवार सार्थकी लागला). आत आल्यावर आपल्या बाजूनं आतो तेसेमा बोलणार होते. पहिल्या खेपेचा गोड नकार त्यांनी दोन दिवस घोकला होता: मुलगी लहान आहे, आम्हाला विचार करू द्या, पुन्हा या. त्यांनी घसा साफ केला तोच कॅप्टन काठी टेकून म्हणाले, "थांबा. ही आमची दुसरी खेप. पहिल्या खेपेचा नकार आम्ही कुलपाकडून घेतला आहे." बरोबरच्या दोघांनी माना डोलावल्या. याच हिशेबावर कॅप्टननी त्यांना आणलं होतं, हे मागाहून कळलं: अपमान म्हणून ते पुन्हा आले नसते, पण रीत म्हणून आले. आतल्या खोलीत कॉफीचा एक पेला फुटला. मी होकार दिला. बाक परत पाठवताना हिलिना जवळ येऊन म्हणाली, "आत्या, तो हसतो फार, हे खरं आहे." मी म्हटलं, "हसू दे. या घराण्याला त्याची सवय नाही, लागेल."

ता. क. २. प्रोग्रॅम बंद करू नकोस. इदिरच्या सभेत (तीनला झाली) ठरलं की तीनच बरे, उरलेला दिवस मोकळा मिळतो. तेव्हा चूक वर लिहिल्याप्रमाणे दुरुस्त कर. तीन आम्ही आमच्या हातानं टाकू. पलीकडच्या गल्लीच्या इदिरलाही असाच हवा आहे, कारण आपल्याकडची माणसं वेळेवर येतात असं त्यांच्या कानावर गेलं आहे. त्यांना मी कारण सांगितलेलं नाही.

ता. क. ३. लग्न ईस्टरनंतर, गिनबोत महिन्याच्या पहिल्या रविवारी. रजा मिळत नाही असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ते वाक्य मी वाचलं नाही असं समजते. बापाच्या जागी उभं राहून मुलीचा हात द्यायला मी तयार आहे, पण हिलिना म्हणते, तिथे भाऊ उभा राहिला तर आत्याला रडायला मोकळीक मिळेल. मी रडत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ये.

आतो तेसेमांच्या जावयाच्या हाती, हिलिनाच्या समक्ष दिलेल्या वस्तू: बेर्बेरे तिखट, यंदाचं, एक पुडा. शिरोचं पीठ, एक पुडा. भाजलेलं जव, वाटेत त्यानं खाल्लं नाही तर एक पिशवी. लग्नात घालायचा पांढरा पोशाख, काठ हिलिनानं निवडला, एक. आक्रा ते आदिस विमानाचं छापील तिकीट, तुझ्या नावाचं, एक. त्यावरचा महिना अक्षरांत आहे.